बॅटरी-टू-बॅटरी चार्जर : आखाती उन्हात वाहनात आणि नौकेत कसा बसवावा

शारजाच्या सीमेलगत असलेल्या दुबईतील मुहैस्नाहमधून रोज पहाटे कामगारांच्या बसगाड्या आणि दुरुस्ती पथकांच्या व्हॅन शहरभर पसरतात. मुहैस्नाहचा दुसरा विभाग, म्हणजे सर्वांच्या तोंडी रुळलेले सोनापूर, हा कामगारांच्या निवासस्थानांचा विस्तीर्ण परिसर आहे. अशा पथकांचे नियोजन करणाऱ्यांत मराठी अभियंते आणि पर्यवेक्षकही आहेत. संयुक्त अरब अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी १२.३० ते ३ पर्यंत उघड्यावर काम करण्यास मनाई असते. उरलेल्या तासांचे ऊनही सौम्य नसते. त्यामुळे व्हॅनमधील थंड पाण्याचा फ्रीज ही चैनीची वस्तू राहत नाही. पथकात एखादा मधुमेही असेल, तर त्याचे इन्सुलिनही त्याच फ्रीजमध्ये असते.

हा फ्रीज वाहनाच्या मूळ बॅटरीवर चालवला, तर संध्याकाळी इंजिन सुरू होईलच याची खात्री देता येत नाही. म्हणून फ्रीज, दिवे आणि अवजारांसाठी दुसरी बॅटरी बसवली जाते आणि ती वाहन चालताना भरण्याचे काम बॅटरी-टू-बॅटरी चार्जर करतो. हिवाळ्यात लिवाच्या वाळवंटात तंबू ठोकणाऱ्या कुटुंबाच्या गाडीतही हीच रचना असते. युरोपातील थंड हवेसाठी लिहिलेल्या सूचना जशाच्या तशा पाळल्या, तर ही रचना इथे अपुरी पडते. तिची कारणे आणि उपाय या लेखात मांडले आहेत.

चार्जर नेमके काय करतो

इंजिन चालू असताना आल्टरनेटर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्टचा दाब देतो. हा दाब मूळ बॅटरीला अनुसरून ठरवलेला असतो, दुसऱ्या बॅटरीची गरज वेगळी असू शकते. बॅटरी-टू-बॅटरी चार्जर मूळ बॅटरीकडून वीज घेतो, आवश्यकतेनुसार तिचा दाब वाढवतो किंवा कमी करतो, आणि दुसरी बॅटरी टप्प्याटप्प्याने भरतो. पहिल्या टप्प्यात ठरावीक कमाल प्रवाह, दुसऱ्यात ठरावीक दाब, आणि बॅटरी भरल्यावर कमी दाबाची राखण, असा हा क्रम असतो.

पूर्वी हेच काम दाब पाहून जोडणाऱ्या साध्या रिलेने होत असे. १३.३ व्होल्टच्या आसपास तो दोन्ही बॅटऱ्या जोडतो आणि दाब उतरला की त्यांना वेगळे करतो. रिले स्वस्त आहे, परंतु तीन ठिकाणी उणा पडतो. पहिली उणीव नव्या गाड्यांत दिसते. त्यांतील संगणकनियंत्रित आल्टरनेटर इंधन वाचवण्यासाठी दाब १२.५ व्होल्टपर्यंत खाली आणतो आणि उतारावर किंवा ब्रेक लावताना १५ व्होल्टपर्यंत चढवतो. रिले अशा चढउतारात गोंधळतो. दुसरी उणीव उष्णतेची. मूळ बॅटरी उकळू नये म्हणून अनेक वाहने इंजिनाचा कप्पा तापताच दाब मुद्दाम कमी करतात, आणि दुसरी बॅटरी कायम अर्धवट भरलेली राहते. तिसरी उणीव लिथियम बॅटरीची. तिचा अंतर्गत रोध इतका कमी असतो की थेट जोडल्यास ती आल्टरनेटरकडून झेपेल त्याहून अधिक प्रवाह ओढते. मंद गतीच्या इंजिनावर, पुरेसा वारा न लागता, असा आल्टरनेटर तापून जळू शकतो. चार्जर या प्रवाहाला मर्यादा घालतो.

आकडा कोणत्या तापमानाचा

चार्जर निवडताना बहुतेकांची चूक इथेच होते. डब्यावर ‘३० अँपिअर’ असे छापलेले असते. तो आकडा कोणत्या तापमानाचा, हे मात्र आतल्या माहितीपत्रकात असते. प्रचलित असलेल्या व्हिक्ट्रॉन ओरियन-टीआर स्मार्ट १२/१२-३० या चार्जरचे उदाहरण घेऊ. तो ४० अंश सेल्सिअसपर्यंत पूर्ण ३० अँपिअर देतो. त्यापुढे प्रत्येक अंशाला क्षमता ३ टक्क्यांनी घटते. म्हणजे भोवतालची हवा ५० अंशांवर गेली की हाती २१ अँपिअरच उरतात. हा दोष नव्हे. स्वतःला वाचवण्यासाठी यंत्राने घेतलेली ती माघार आहे. मात्र मुहैस्नाहच्या जुलै-ऑगस्टमध्ये सावलीतच पारा ४० अंशांवर जातो, आणि बंद डिकीत किंवा इंजिनाच्या कप्प्यात तो त्याहून बराच वर असतो.

याचा परिणाम हिशेबाने पाहू. ४५ वॅटचा फ्रीज उन्हाळ्यात साधारण ६० टक्के वेळ चालतो असे धरले, तर दिवसाला सुमारे ५० अँपिअर-तास लागतात. व्हॅन सकाळी मुहैस्नाहहून जबल अलीला आणि संध्याकाळी परत, असे मिळून दोन तास धावते असे समजू. चार्जर ३० अँपिअर देत असेल, तर ६० अँपिअर-तास भरले जातात आणि गरज भागते. २१ अँपिअरच मिळत असतील, तर ४२ अँपिअर-तास भरतात आणि रोज आठांची तूट पडते. १०० अँपिअर-तासांची बॅटरी ही तूट दहा-बारा दिवस निमूटपणे सोसते आणि मग एका दुपारी फ्रीज बंद पडतो. दोष बॅटरीला दिला जातो, बॅटरी बदलली जाते, आणि पुढच्या पंधरवड्यात तेच घडते. मूळ कारण चार्जरच्या जागेत असते.

जागा कोणती निवडावी

आखातात चार्जर इंजिनाच्या कप्प्यात बसवू नये. वातानुकूलित केबिनमध्ये, आसनामागच्या उभ्या पत्र्यावर किंवा आसनाखालच्या हवेशीर जागी तो ठेवावा. पंखा नसलेल्या चार्जरची उष्णता त्याच्या पंख्यासारख्या धातूच्या कडांमधून निघते. म्हणून त्या कडा उभ्या राहतील असा तो बसवावा आणि वर-खाली सुमारे दहा सेंटिमीटर मोकळी जागा ठेवावी. गालिच्यावर किंवा फोमवर ठेवलेला चार्जर स्वतःच्याच उष्णतेत कोंडतो. वरील चार्जरची कार्यक्षमता सुमारे ८७ टक्के आहे. पूर्ण प्रवाह देताना साठएक वॅट उष्णता सतत बाहेर पडत असते, हे ध्यानात ठेवावे. अलीकडची काही यंत्रे ९५ टक्क्यांहून अधिक कार्यक्षम आहेत. इथल्या हवेत त्यांची जादा किंमत वसूल होते.

लिथियम बॅटरीलाही हेच लागू आहे. बहुतेक लिथियम फॉस्फेट बॅटऱ्यांत आतील संरक्षक मंडल ठरावीक तापमानाच्या वर चार्जिंग थांबवते. ही मर्यादा बॅटरीगणिक ४५ ते ५५ अंशांच्या दरम्यान असते. बॅटरी उन्हात तापलेल्या डिकीत असेल, तर चार्जर उत्तम असूनही भरणा होत नाही.

तारा आणि फ्यूज

वरील चार्जर १४.२ व्होल्टवर ३० अँपिअर देताना मूळ बॅटरीकडून सुमारे ३८ अँपिअर घेतो, कारण घेण्याच्या बाजूला दाब कमी असतो आणि थोडी वीज उष्णतेत जाते. बॅटरीपासून चार्जर चार मीटरवर असेल, तर जाण्या-येण्याची तार आठ मीटरची होते. ६ चौरस मिलिमीटरच्या तारेत इतक्या प्रवाहाला सुमारे ०.९ व्होल्ट गळतात. १६ चौरस मिलिमीटरच्या तारेत ही गळती ०.३३ व्होल्टवर येते. गळती एकूण दाबाच्या तीन टक्क्यांच्या आत, म्हणजे ०.४ व्होल्टपेक्षा कमी असावी. तांब्याचा रोध २० अंशांवरून ७० अंशांवर जाताना सुमारे २० टक्के वाढतो. म्हणून इथे हिशेबापेक्षा एक आकार मोठी तार घेणे शहाणपणाचे. तार शुद्ध तांब्याची असावी. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार स्वस्त मिळते, पण तेवढ्याच जाडीला अधिक तापते.

फ्यूजच्या बाबतीत एक नियम कधीही मोडू नये. या तारेच्या दोन्ही टोकांना बॅटरी आहे, म्हणून फ्यूजही दोन्ही टोकांना हवा. केवळ इंजिनाकडे फ्यूज लावला आणि तार मागच्या बाजूला पत्र्यावर घासून उघडी पडली, तर दुसरी बॅटरी विनाअडथळा आपला सारा प्रवाह त्या ठिकाणी ओतते. वाहनाला आग लागण्याचा हा सरळ मार्ग आहे. वरील चार्जरसाठी ६० अँपिअरचे फ्यूज योग्य ठरतात आणि ते बॅटरीच्या शक्य तितके जवळ असावेत. लिथियम बॅटरीचा शॉर्टसर्किट प्रवाह हजारो अँपिअरचा असतो. तो तोडण्याची क्षमता साध्या पात्याच्या फ्यूजमध्ये नसते. टर्मिनलवर बसणारा एमआरबीएफ किंवा टी वर्गाचा फ्यूज घ्यावा. पत्र्यातील प्रत्येक छिद्रात रबरी कडे बसवावे.

अनेक नव्या गाड्यांत मूळ बॅटरीच्या ऋण टर्मिनलवर प्रवाह मोजणारा संवेदक असतो. चार्जरची ऋण तार त्या टर्मिनलवर न जोडता चॅसीच्या निश्चित बिंदूवर जोडावी. अन्यथा मागच्या बॅटरीकडे गेलेली वीज गाडीच्या संगणकाच्या नोंदीत येत नाही आणि तो मूळ बॅटरीविषयी चुकीचे निष्कर्ष काढतो. वाहन हमीच्या मुदतीत असल्यास विक्रेत्याला आणि विमा कंपनीला आधी विचारून घ्यावे.

मांडणी करताना

लिथियम फॉस्फेट बॅटरीसाठी भरण्याचा दाब साधारण १४.२ व्होल्ट आणि राखणीचा १३.५ व्होल्ट ठेवतात. तापमानानुसार दाब बदलण्याची सोय तिच्यासाठी बंद करावी. शिसे-आम्ल आणि एजीएम बॅटऱ्यांसाठी मात्र ती सोय अत्यावश्यक आहे. २५ अंशांवर १४.४ व्होल्ट योग्य असतील, तर ४५ अंशांवर सुमारे १४ व्होल्ट पुरतात. हा फरक न केल्यास बॅटरी आतून सुकते. शिवाय दर दहा अंश वाढीला अशा बॅटरीचे आयुष्य जवळपास निम्मे होते, हा ढोबळ नियम आहे. कोणत्याही परिस्थितीत बॅटरी उत्पादकाने दिलेले आकडेच अंतिम मानावेत.

इंजिन चालू असल्याची खूण चार्जरला दोन प्रकारे देता येते. जुन्या आल्टरनेटरच्या गाडीत तो दाब पाहून स्वतः ओळखतो. संगणकनियंत्रित आल्टरनेटर असेल, तर इग्निशनची किंवा इंजिन चालू असतानाच वीज देणारी वेगळी तार जोडावी. नाहीतर चार्जर वाटेत वारंवार बंद पडतो. उलट, दाबाची मर्यादा फार खाली ठेवली, तर गाडी थांबल्यावरही मूळ बॅटरी रिकामी होत राहते.

प्रवाहाची मर्यादा ठरवताना शारजाच्या वाटेवरील संध्याकाळची कोंडी आठवावी. वातानुकूलन पूर्ण वेगात, रेडिएटरचे पंखे चालू, आणि इंजिन मंद गतीवर असते. अशा वेळी आल्टरनेटरकडे शिल्लक फारशी नसते. चार्जरने घेतलेला प्रवाह आल्टरनेटरच्या छापील क्षमतेच्या एकतृतीयांशापलीकडे जाऊ नये, ही मर्यादा इथे सुरक्षित आहे.

नौकेत बसवताना

शनिवार-रविवारी मासेमारीला जाणाऱ्या छोट्या नौकेत तत्त्व तेच असते, पण तपशील बदलतात. आउटबोर्ड इंजिनाचा आल्टरनेटर लहान असतो आणि मंद गतीवर फारच कमी वीज देतो. म्हणून आधी इंजिनाच्या पुस्तिकेतील प्रवाह पाहावा आणि मगच चार्जर निवडावा. फायबरच्या नौकेला धातूची चॅसी नसते. धन आणि ऋण दोन्ही तारा पूर्ण लांबीच्या असाव्या लागतात, आणि दोन्ही बॅटऱ्यांची ऋण बाजू वेगळी ठेवायची असल्यास विलगीकृत प्रकारचा चार्जर घ्यावा. खाऱ्या हवेत उघडे तांबे हिरवे पडते, म्हणून कथिलाचा लेप असलेली तार वापरावी. नौकांसाठीच्या अमेरिकी एबीवायसी मानकानुसार फ्यूज वीजस्रोतापासून सात इंचांच्या आत असावा. बॅटरीला थेट जोडलेली तार संरक्षक नळीतून नेल्यास हे अंतर ७२ इंचांपर्यंत चालते. पेट्रोलच्या टाकीजवळ किंवा इंजिनाच्या कप्प्यात ठिणगीपासून सुरक्षित असल्याचे प्रमाणित केलेलेच उपकरण ठेवावे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती तळाशी साचते. नौकेतील पाणी उपसणारा पंप मुख्य स्विचच्या आधी, स्वतंत्र फ्यूजवर जोडावा, म्हणजे सर्व काही बंद केल्यावरही तो चालू राहील.

काम झाल्यावर

बसवणाऱ्याने गाडी परत करताना ‘चार्जिंग होतेय’ एवढेच सांगितले, तर ते पुरेसे समजू नये. दुपारी गाडी एक तास उन्हात उभी ठेवावी. मग इंजिन आणि वातानुकूलन चालू करून अर्धा तास चालवावी. त्यानंतर तीन गोष्टी मोजाव्यात. चार्जरच्या दोन्ही बाजूंना असलेला दाब, क्लॅम्प मीटरने त्यातून वाहणारा प्रवाह, आणि फ्यूज व जोडांचे तापमान. मूळ बॅटरीवरील आणि चार्जरपाशी मिळणाऱ्या दाबात अर्ध्या व्होल्टहून अधिक फरक असेल, तर तार बारीक आहे किंवा जोड सैल आहे. जोड हाताला चटका देत असेल, तर तो पुन्हा क्रिम्प करावा. बॅटरी पूर्ण भरलेली असताना प्रवाह कमीच दिसतो. त्यामुळे ही चाचणी बॅटरी निम्मी रिकामी करून घ्यावी.

मिळालेले आकडे तारखेसह चार्जरशेजारी चिकटवून ठेवावेत आणि दर वर्षी मे महिन्यात, उन्हाळा भरात येण्यापूर्वी, तेच मोजमाप पुन्हा करावे. वाळवंटातून परतल्यावर कडांमध्ये साचलेली वाळू हवेच्या झोताने काढावी. जून उजाडण्यापूर्वी घेतलेला हा एक तास ऑगस्टच्या दुपारी पथकाला थंड पाणी देतो.