मेहॅरीचे डॉक्टर कॉलेजकडे परत का आले?

आपल्याकडे मेडिकल कॉलेजचे माजी विद्यार्थी जमतात ते बहुधा हॉस्टेलच्या आठवणी काढायला. जमावे, आमची तक्रार नाही. पण अमेरिकेतील कृष्णवर्णीय डॉक्टरांना कॉलेज म्हणजे नुसती आठवण नव्हती, तो त्यांच्या हक्काचा एकमेव आसरा होता.

नॅशव्हिल शहरात १८७६ साली मेहॅरी मेडिकल कॉलेज सुरू झाले. गुलामगिरी संपून जेमतेम अकरा वर्षे झाली होती. (१९४६ साली बाबासाहेबांनी ज्यांना पत्र लिहिले ते डु बॉइस याच शहरातील फिस्क विद्यापीठात शिकले.) गोऱ्यांच्या इस्पितळांत आणि वैद्यकीय संघटनांत कृष्णवर्णीय डॉक्टरांना जवळपास मज्जावच होता. म्हणून १८९५ साली त्यांनी स्वतःची नॅशनल मेडिकल असोसिएशन काढली. पहिले अध्यक्ष डॉ. रॉबर्ट बॉइड, मेहॅरीचे १८८२ चे पदवीधर. ते मेहॅरीतच शिकवत.

१९१० साली फ्लेक्सनर अहवाल आला. त्यानंतर कृष्णवर्णीयांच्या सात कॉलेजांपैकी हॉवर्ड आणि मेहॅरी एवढी दोनच टिकली. कारण काय सांगितले? दर्जा! मित्रांनो, हाच शब्द 'मेरिट' म्हणून आपल्या अंगावर फेकला जातो. पैसा आणि इस्पितळे कोणाच्या हातात होती, हे मात्र कोणी विचारत नाही.

मेहॅरीचेच १९३४ चे पदवीधर डॉ. मॅथ्यू वॉकर तिथेच राहिले, सर्जन घडवत राहिले. मिसिसिपीतील माउंड बायू या कृष्णवर्णीयांच्या गावात १९४२ साली टॅबोरियन हॉस्पिटल उघडले होते. तिथे ते आपले तरुण डॉक्टर पाठवत. कापसाच्या शेतात राबणारी माणसे त्या इस्पितळात पुढच्या दाराने आत जात.