करवतीच्या पट्टीचा जोड

आमच्या शाळेतून दहावी होऊन गेलेला एक मुलगा परवा घरी आला. मुखेडमध्ये त्याचे वेल्डिंगचे छोटे दुकान आहे. खिडक्या, दारे, गेट करतो. अलीकडे लाकडाचे कामही घ्यायला लागलाय. पाणी पिऊन होताच त्याने मोबाईल पुढे केला. "सर, ही बँड सॉ मशीन बघा. लाकूड बी कापते, लोखंड बी कापते म्हनं. घरीच बसवायची आहे. घेऊ का?"

मी उर्दू आणि मराठी शिकवणारा माणूस, मशीन माझा विषय नाही. पण त्याचा प्रश्न माझ्याही घराशी जोडलेला होता. आमच्या दादांचे माळवदाचे घर गेल्या वर्षी उतरवले. त्यातल्या तुळया, खांब आणि फळ्या पत्र्याखाली रचून ठेवल्या आहेत. भंगारवाला जळणाच्या भावाने मागतो. हा मुलगा म्हणतो, मशीन आली की यातून टेबल, कपाट, मुलांसाठी बाकडी करून देतो. तेव्हा त्याच्यासाठी म्हणून वाचायला बसलो आणि वाचता वाचता इतिहासातच शिरलो.

आधी शब्द बघू, कारण तिथे माझा पाय घट्ट आहे. 'करवत' आली संस्कृत 'करपत्र'वरून. आपण सर्रास 'आरा मशीन' म्हणतो. फारसीत करवतीला 'अर्रा' म्हणतात आणि उर्दूत लहान करवत म्हणजे 'आरी'. पण मराठी घरातल्या मुलाला 'आरी' म्हटले की चामडे टोचायचे हत्यार आठवते, कारण संस्कृतात 'आरा' म्हणजे तेच. वर्गात हा शब्द आला की दोन बाकांवर दोन वेगळी हत्यारे उभी राहतात आणि दोन्ही बरोबर असतात. करवत ओढणाऱ्याला उर्दूत 'आराकश' म्हणतात. आपल्याकडे या धंद्याकडे खालच्या नजरेने बघणारे लोक आहेत, म्हणून सांगतो. हजरत जकरिया (अलैहिस्सलाम) सुतार होते, असे सहीह मुस्लिममध्ये आले आहे. ते झाडाच्या पोटात लपले आणि झाडासकट करवतीने चिरले गेले, ही आपण लहानपणी ऐकलेली गोष्ट मात्र किश्शांतली आहे. या हदीसमध्ये ती नाही.

मशीन येण्याआधी ओंडका चिरणे हे दोन माणसांचे काम होते. ओंडका खड्ड्यावर किंवा घोडीवर आडवा टाकायचा. एक जण वर उभा, एक खाली. वरचा रेघ बघायचा आणि खालच्याच्या डोळ्यांत भुसा जायचा. आमच्या भागात गाडी, तिफण, वखर यांना बाभूळ आणि घराला ऐपत असेल तर सागवान. सागवानाचे जंगल नांदेड जिल्ह्यात किनवट-माहूरकडे. निजामाच्या राज्यात किनवट आदिलाबाद जिल्ह्यात होते, १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत ते नांदेडला मिळाले. (मुदखेड-आदिलाबाद रेल्वे त्याच बाजूने जाते. ते मुदखेड, आमचे मुखेड नव्हे. आमच्याकडे रेल्वे नाही आणि या दोन नावांच्या घोळात किती पाहुणे चुकीच्या गावी उतरले असतील, देव जाणे.)

आता पट्टीची करवत. एक लांब लवचिक पाते, त्याची दोन टोके जोडून वळे करायचे आणि दोन चाकांवर पट्ट्यासारखे फिरवायचे. कल्पना सोपी आहे. लंडनच्या विल्यम न्यूबेरी याने १८०८-०९ च्या सुमारासच तिचे पेटंट घेतले. पण मशीन चालली नाही, कारण पट्टी टिकत नव्हती. चाकावरून जाताना पट्टी प्रत्येक फेरीत वाकते आणि सरळ होते, मिनिटाला शेकडो वेळा. जोड कडक राहिला तर तिथेच तुटते, मऊ राहिला तर तिथेच ताणते. जवळजवळ चाळीस वर्षे ही मशीन एका जोडापायी अडून राहिली.

तो जोड सोडवला एका बाईने. फ्रान्सच्या ॲन पोलीन क्रेपँ यांनी १८४६ साली पट्टीची टोके जोडण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. पुढे ते हक्क पॅरिसच्या पेरँ कंपनीने विकत घेतले, पोलादाचे पाणी सुधारले आणि मग ही करवत कारखान्यांत दिसू लागली. नाव झाले पेरँचे. क्रेपँ यांचे नाव आरागिरणीवाल्यांनी कशाला, इंजिनिअरिंगच्या मुलांनीही ऐकलेले नसते. मी आमच्या नववीच्या मुलींना मुद्दाम सांगितले.

लोखंडाचा नंबर फार उशिरा लागला. १९३३ च्या सुमारास अमेरिकेत लेटन विल्की याने धातू कापणारी उभी पट्टी करवत बाजारात आणली. इतका उशीर का, याचे उत्तर म्हणजेच माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर, म्हणून इथे थोडे थांबतो.

लाकूड कापताना पट्टी मिनिटाला सुमारे ९०० मीटर पळते. साध्या लोखंडासाठी तिने साधारण ६० मीटरच पळायला हवे. नाहीतर दात तापून निळे पडतात आणि दोन मिनिटांत पट्टी संपते. हिशेब करून बघू. चौदा इंची चाकाचा परीघ साधारण १.१२ मीटर. ९०० मीटरसाठी चाकाचे ८०० फेरे लागतात, ६० मीटरसाठी ५४. पंधरापटीचा फरक आहे. घरच्या सिंगल फेज मोटरला पंख्याचा रेग्युलेटर लावून हा फरक पडत नाही. मोटरच जळते. त्यासाठी गिअर किंवा पुलींची जोडणी लागते. 'दोन्ही कापते' असे जाहिरातीत लिहिलेल्या मशीनला दुसरा, खरोखर हळू वेग नसेल, तर ती लाकडाचीच मशीन आहे. फार तर ॲल्युमिनियम कापेल.

मी त्याला उलटे विचारले, "तुझे काम जास्त कशाचे?" तो म्हणाला, "लोखंडाचे, बारा आणे." मग लोखंडाची, पुली बदलून तीन वेग मिळणारी लहान मशीन घ्यावी, असे माझे मत पडले. तिच्यावर लाकूड कापता येते, फक्त सावकाश. लाकडाच्या मशीनवर लोखंड घातले तर पट्टी जाते. वर लाकडाच्या चाकपेटीत भुसा साचलेला असतो, त्यात लोखंडाची ठिणगी पडली तर आग.

दातांचेही तसेच. कापायच्या जाडीत निदान तीन दात एका वेळी बसले पाहिजेत. पातळ पाइपला जाड दाताची पट्टी लावली की दात अडकून मोडतात, आणि जाड लाकडाला बारीक दात लावले की भुसा भरून पट्टी भरकटते. म्हणजे मशीन एक असली तरी पट्ट्या दोन-तीन लागणार. पट्टी तुटल्यावर जोडून कुठे मिळते, हे मशीन घेण्याआधी बघ म्हटले. वेल्डिंगवाला असून तो म्हणाला, "सर, मीच जोडतो की!" मी त्याला क्रेपँबाईंची चाळीस वर्षे सांगितली. तेव्हा गप्प झाला.

कायद्याचा भागही आहे. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात जंगलतोडीबद्दल आदेश दिला आणि देशभरच्या आरागिरण्या त्याच्या कक्षेत आल्या. २००२ मध्ये केंद्रीय समितीच्या परवानगीशिवाय नवी आरागिरणी नको असे ठरले. २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनंतर हे काम राज्यांच्या समित्यांकडे आले. या सगळ्यात पट्टी करवत ही नुसती मशीन न राहता परवान्याची वस्तू झाली. म्हणून त्याला म्हटले, घरात बसवण्याआधी मशीनचे माप सांगून वनविभागाच्या कार्यालयात लेखी विचार. गोल ओंडका आणून चिरायचा तर मनातही आणू नकोस.

राहिले आमचे माळवद. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा मी शाळेत होतो. लातूर-धाराशिवकडची दगडमातीची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली, हजारो माणसे गेली. त्यानंतर आमच्याकडेही माळवदाखाली झोपायला लोक भिऊ लागले. अम्मी कित्येक महिने आम्हाला अंगणात झोपवत होती. पण दोष लाकडाचा नव्हता. वर मातीचा भार होता आणि भिंती नुसत्या दगड-चिखलाच्या होत्या. जिथे खणांचे लाकडी खांब धड होते, तिथे काही घरांत भिंती ढासळूनही छत खांबांवर तोलून राहिले. हे लोकांना पुढे कळले. तोवर बरेच जुने लाकूड कवडीमोलाने गेले होते.

जुन्या तुळयांत खिळे असतात. वरून दिसत नाहीत, गंजून लाकडाच्याच रंगाचे झालेले असतात. आमच्या मामूंच्या उजव्या हाताची दोन बोटे अर्धी आहेत. तरुणपणी ते एका आरागिरणीत कामाला होते. खिळा लागला, पट्टी तुटली, आणि चाकावर झाकण नव्हते. मालकाने दवाखान्याचे पैसे दिले, पण नंतर कामावर घेतले नाही. मामू आजही बिडी डाव्या हाताने धरतात. मशीनचा विषय निघाला की ते एकच विचारतात, "झाकन हाय का?"

म्हणून गेल्या रविवारी मी शाळेच्या प्रयोगशाळेतून मोठा लोहचुंबक मागून आणला. तो मुलगा, मी आणि खाटेवर बसून सूचना करणारे मामू. एकेका तुळईवरून चुंबक फिरवायचा, ओढ लागेल तिथे खडूने फुली मारायची. मग पटाशीने उकरून पक्कडीने खिळा काढायचा. पहिल्या तुळईत अकरा निघाले. हाताने घडवलेले, चौकोनी, लोहाराच्या भट्टीतले. मुलाने ते खिशात घातले. चार तुळया झाल्या आहेत, सात राहिल्यात. मशीन त्याने अजून घेतलेली नाही.