मूठभर धान्याचे ऋण

दान, सेवा आणि ऋण हे तीन शब्द आपल्या भाषांत शेजारी शेजारी नांदत असले, तरी त्यांचे सामाजिक आशय एकरूप नाहीत. दानात देणारा वरच्या पायरीवर उभा असतो आणि घेणाऱ्याला मान वर करून पाहावे लागते. सेवेत देणारा स्वेच्छेने खाली वाकतो. परंतु वाकण्याचे स्वातंत्र्य त्याच्याकडेच राहते. ऋणाचे तसे नाही. तेथे देणारा आणि घेणारा यांच्यामध्ये केवळ काळाचे अंतर असते. आज घेणारा उद्या देणारा होतो आणि त्याने तसे व्हावे अशी त्याच्याकडून अपेक्षा असते. विसाव्या शतकात भारतातील ग्रामीण तरुणांच्या शिक्षणासाठी जे स्वयंप्रेरित कार्य झाले, त्याचा इतिहास बहुधा दानशूरांच्या आणि सेवाव्रतींच्या चरित्रांतून सांगितला जातो. साताऱ्याच्या परिसरात रयत शिक्षण संस्थेने केलेला प्रयोग मात्र ऋणाच्या अंगाने वाचला, तरच त्याचे वेगळेपण ध्यानी येते.

या विचाराचे मूळ एकोणिसाव्या शतकात सापडते. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी एक साधा हिशेब मांडला होता. सरकारच्या महसुलाचा मोठा भाग रयतेच्या श्रमातून येतो, आणि त्यातून होणाऱ्या शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना मिळतो, हे त्या हिशेबाचे सार होय. याचा अर्थ असा की, शेतकऱ्याच्या मुलाला शिकविणे ही कृपा नसून थकलेल्या देण्याची फेड आहे. त्याच निवेदनात जोतीरावांनी आणखी एक मार्मिक सूचना केली होती. प्राथमिक शाळांचे शिक्षक शक्यतो शेती करणाऱ्या वर्गांतून निवडावेत. त्यांना या लोकांत सहज मिसळता येईल, त्यांच्या गरजा कळतील आणि प्रसंगी नांगराचा रुमणा हाती धरण्याची लाज वाटणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. गावाने वाढविलेला तरुण शिकून गावाकडेच परतावा, ही कल्पना या सूचनेत बीजरूपाने आहे. ती प्रत्यक्षात येण्यास पुढे अर्धे शतक लागले.

मधल्या काळात कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी वसतिगृहांची चळवळ उभी केली. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले आणि त्यामागोमाग निरनिराळ्या जातिधर्मांची वसतिगृहे निघाली. खेड्यातल्या मुलाची पहिली अडचण फीची नसते; शहरात राहायचे कोठे आणि जेवायचे काय, ही असते. महाराजांनी ती नेमकी ओळखली होती. याच कोल्हापुरात भाऊराव पाटील शिकत होते. त्यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथील जैन कुटुंबात झाला. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी निघालेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास ते उपस्थित राहिले आणि परतल्यावर शुद्धीसाठी स्नान करण्यास त्यांनी नकार दिला. त्यामुळे ते राहत असलेल्या वसतिगृहाचे दार त्यांना बंद झाले. एका जातीसाठी एक वसतिगृह या व्यवस्थेचे सामर्थ्य आणि तिची मर्यादा, दोन्ही त्यांनी अशा प्रकारे विद्यार्थिदशेतच अनुभवली.

१९१० च्या सुमारास दूधगाव येथे भाऊरावांनी सहकाऱ्यांसह एक शिक्षण मंडळ आणि विद्यार्थी आश्रम सुरू केला. पुढे ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातील काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. या स्थापनेला सत्यशोधक चळवळीची पार्श्वभूमी होती. संस्थेच्या नावातला 'रयत' हा शब्द जोतीरावांच्या हिशेबाची आठवण देतो. हे नाव कोणा देणगीदाराचे नाही. ज्यांचे देणे थकले होते त्यांचे आहे.

अशा संस्थेला पैसा कोठून मिळणार होता? धनिक आणि संस्थानिक यांच्या देणग्या आल्या, हे खरे. तथापि या कार्याचा पाया घातला तो गावोगावच्या धान्याने. पहाटे जात्यावर बसणाऱ्या बाईने दळणातले मूठभर धान्य वसतिगृहातल्या मुलांसाठी बाजूला काढावे, अशी ही पद्धत होती. अर्थशास्त्राच्या दृष्टीने ही मूठ नगण्य म्हणावी लागेल. परंतु तिने दोन गोष्टी साधल्या. जिला स्वतःला अक्षर येत नव्हते, तीही शिक्षणसंस्थेची आश्रयदाती झाली. आणि वसतिगृहात जेवणाऱ्या मुलाला हे अन्न कोणा एकाचे नाही, तेव्हा एकाच कोणाचे मिंधे होण्याचे कारण नाही, हे आपोआप कळले. ज्या ऋणाला एकच धनको नसतो, ते फेडण्यासाठी कोणा एका व्यक्तीकडे जाता येत नाही. ते समाजाकडेच परत न्यावे लागते.

१९२४ मध्ये संस्थेचे कार्य साताऱ्यास हलले. तेथे सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहू लागली, एका पंक्तीस जेवू लागली आणि स्वयंपाकापासून शेतीपर्यंतची कामे स्वतः करू लागली. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या उपस्थितीत या वसतिगृहाला छत्रपती शाहूंचे नाव देण्यात आले. मुले भाऊरावांना 'अण्णा' म्हणत आणि लक्ष्मीबाईंना 'वहिनी'. सनातन वळणाच्या घरातून आलेल्या या बाईंनी अस्पृश्य मुलांना आपल्या घरात सामावून घेतले आणि वसतिगृहात धान्य नव्हते तेव्हा अंगावरचे दागिने, अखेरीस मंगळसूत्रही, देऊन टाकले. १९३० मध्ये त्या निवर्तल्या. पुढे १९३२ मध्ये पुणे कराराच्या स्मरणार्थ पुण्यास युनियन बोर्डिंग निघाले. 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' हे संस्थेचे वाक्य सर्वपरिचित आहे. मात्र येथे श्रमाला शिक्षणाची किंमत समजणे अपुरे ठरेल. श्रमामुळे घेणाऱ्याचा स्वाभिमान शाबूत राहिला, हे त्याचे खरे कार्य होय.

या साखळीतील निर्णायक दुवा शिक्षकाचा आहे. १९३५ मध्ये साताऱ्यास सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज निघाले. १९३७ मध्ये मुंबई प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आल्यानंतर खेड्यांतील व्हॉलंटरी शाळांना उत्तेजन मिळाले. संस्थेने या संधीचा उपयोग करून पुढील काळात अशा ५००हून अधिक प्राथमिक शाळा चालविल्या. त्यांतील अनेक डोंगराळ, वाहनाची वाट नसलेल्या मुलखात होत्या. अशा गावी अल्प वेतनावर कोण जाणार? जो तशाच गावातून आला होता, तोच. वसतिगृहातून शिकून बाहेर पडलेल्या तरुणांपैकी अनेक जण रयतेचे सेवक म्हणून परतले आणि काहींनी आजीव सेवेचा मार्ग पत्करला. बॅरिस्टर पी. जी. पाटील यांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. वसतिगृहाचा हा विद्यार्थी विलायतेस जाऊन बॅरिस्टर झाला, परत येऊन संस्थेच्या महाविद्यालयात प्राचार्य झाला आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचा कुलगुरूही झाला. परंतु या इतिहासाचा भार वाहिला तो ज्यांची नावे कोठे नोंदली गेली नाहीत अशा प्राथमिक शिक्षकांनी. जोतीरावांच्या सूचनेतला शिक्षक तो हाच.

याच काळात बंगालमध्ये चाललेल्या एका प्रयोगाशी तुलना केली, तर मुद्दा अधिक स्पष्ट होईल. शांतिनिकेतनजवळच्या सुरुल येथे १९२२ मध्ये रवींद्रनाथ ठाकूर यांनी ग्रामपुनर्रचनेचे केंद्र सुरू केले. ते पुढे श्रीनिकेतन म्हणून ओळखले जाऊ लागले. इंग्रज कृषितज्ज्ञ लेनर्ड एल्महर्स्ट त्याचे पहिले संचालक होते, आणि डोरोथी स्ट्रेट या अमेरिकन महिलेच्या धनाचा त्यास आधार होता. खेड्याचे शिक्षण हे अखेरीस खेड्याच्याच हातून व्हावे, ही रवींद्रनाथांची दृष्टी होती. कालीमोहन घोष आदी कार्यकर्त्यांनी आसपासच्या गावांतील मुलांची 'व्रती बालक' पथके उभारली. आग विझविणे, डबकी बुजविणे, हिवतापाविरुद्ध झटणे अशी कामे ही मुले करीत. येथे धन बाहेरून आले, प्रेरणा एका महाकवीची होती आणि प्रवाह संस्थेकडून गावाकडे वाहत होता. साताऱ्यास तो आधी गावाकडून संस्थेकडे आला आणि मग परत गेला. दोन्ही प्रयोगांचे मोल वेगळे आहे आणि एकाने दुसऱ्यास उणे ठरविण्याचे कारण नाही. तरीही दोहोंनी एक गोष्ट सारखीच सिद्ध केली. ग्रामीण तरुणाला केवळ लाभार्थी मानले, तर कार्य संस्थेच्या आवारापुरते राहते. त्याच्यावर जबाबदारी टाकली, तरच ते गावात मूळ धरते.

साताऱ्याच्या प्रयोगावरचे आक्षेपही विचारात घ्यावयास हवेत. पहिला आक्षेप श्रमाविषयीचा आहे. संपन्न घरातला मुलगा निवांत अभ्यास करतो आणि गरिबाच्या मुलाने मात्र माती उपसून शिकावे, यात समता कोठे आहे? हा प्रश्न अवाजवी नाही. स्वावलंबनाचे गौरवगान राज्यसंस्थेच्या कर्तव्यच्युतीवर पांघरूण घालू शकते, हा धोका आजही आहे. दुसरा आक्षेप मुलींचा. ज्या व्यवस्थेचा पाया बायकांनी जात्यावरून उचललेल्या मुठीने घातला, त्या व्यवस्थेत त्यांच्या मुलींसाठी दार उघडण्यास विलंब लागला. फेड अपुरी राहिली, असेच येथे म्हणावे लागेल. तिसरा प्रश्न सत्तेच्या संबंधाचा. १९४८ मध्ये मुंबई सरकारने संस्थेचे अनुदान काही काळ रोखले, तेव्हा लोकाश्रयाने ती तगली. पुढे अनुदान नियमित झाले, शिक्षकास निश्चित वेतन मिळू लागले. हे न्याय्यच होते. परंतु मूठभर धान्याची आवश्यकता संपली, तेव्हा त्या मुठीने निर्माण केलेले नाते कशाने टिकवावे, हा प्रश्न मागे उरला.

स्वातंत्र्योत्तर काळात विद्यार्थ्यांच्या समाजकार्याला शासकीय रूप आले. महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. आरंभी तीत ३७ विद्यापीठे आणि सुमारे ४०,००० विद्यार्थी होते. शहरातील विद्यार्थ्याने खेडे पाहावे, तेथे श्रमदान करावे, अशी तिची सर्वसाधारण प्रतिमा आहे. परंतु १९५४ मध्ये कऱ्हाडला निघालेल्या सद्‌गुरू गाडगे महाराज महाविद्यालयासारख्या ठिकाणी शिबिराला निघणारा विद्यार्थी बहुधा स्वतःच खेड्यातला असतो. त्याला खेडे 'पाहावे' लागत नाही. त्याच्यापुढचा प्रश्न निराळा असतो: शिकल्यानंतर मी या गावाचा कोण? शिबिराच्या अहवालात या प्रश्नासाठी रकाना नसतो; त्याचे उत्तर तरुणाच्या पुढील आयुष्यातच वाचावे लागते.

साहित्याच्या अभ्यासकाने या इतिहासाकडे वळावे, याचे कारण येथेच आहे. मराठी ग्रामीण आणि दलित आत्मचरित्रांत शिक्षणासाठीची धडपड हे केंद्रवर्ती सूत्र आहे. आनंद यादव यांची 'झोंबी' (१९८७) हे त्याचे ठळक उदाहरण. अशा लेखनात शिकणाऱ्याच्या मनातली दुहेरी ओढ दिसते: गावातून सुटण्याची आणि गावाशी बांधलेले राहण्याची. समीक्षेने या ओढीला व्यक्तीच्या मनातील ताण म्हणून पाहिले. साताऱ्याच्या अनुभवाच्या प्रकाशात ती सामाजिक ऋणाची जाणीव म्हणूनही वाचता येते. शिकलेल्या मुलाने गावाविषयी लिहिणे, हेही परतण्याचे एक रूप मानावयास हरकत नाही.

भाऊराव पाटील ९ मे १९५९ रोजी निवर्तले. २०१९ मध्ये संस्थेने शंभर वर्षे पूर्ण केली. वटवृक्ष हे तिचे बोधचिन्ह आहे. या चिन्हाचा विस्तार म्हणून गौरव होतो, तसा त्याच्या रीतीचाही विचार व्हावा. वडाची पारंबी मातीत पोचली की स्वतः खोड होते आणि ज्या झाडाने तिला वाढविले त्याचाच भार उचलू लागते. ग्रामीण तरुणांसाठी काही करू इच्छिणाऱ्या प्रत्येक संस्थेने आपल्या देणग्यांच्या नोंदींशेजारी आणखी एक नोंद ठेवावी: आपल्याकडून घेऊन गेलेल्यांपैकी किती जण इतरांना देणारे झाले? ती रिकामी असेल, तर धान्य वाटले गेले, पण पेरले गेले नाही, असा तिचा अर्थ होईल.