पेण–रोहे डोंगरपट्टा

रायगड जिल्ह्यातील (1981 पर्यंत कुलाबा) सह्याद्रीच्या पायथ्याचा आदिवासीबहुल भाग. पेणकडून अंबा व भोगावती धरमतर खाडीकडे वाहतात. रोह्याची कुंडलिका रेवदंड्याला समुद्रास मिळते. भिरा वीजकेंद्रातून सुटणाऱ्या पाण्यामुळे ती उन्हाळ्यातही वाहती असते, आणि कोलाडचे राफ्टिंग त्यावरच चालते.

सांकशी, अवचितगड, सुरगड व घोसाळगड हे येथील किल्ले. विनोबा भावे यांचा जन्म पेण तालुक्यातील गागोदे येथे 1895 मध्ये झाला. पेणचे नाव आज गणेशमूर्तींमुळे सर्वदूर आहे. डोंगरातल्या वाड्यांची दखल त्यामानाने कमीच घेतली जाते.

या वाड्यांत प्रामुख्याने कातकरी व ठाकर राहतात. ब्रिटिश अमलात वनखात्याने त्यांना उतारावरच्या जमिनी ‘दळी’ म्हणून कसायला दिल्या. राब भाजून तेथे नाचणी, वरी पिकवत. मालकी मात्र सरकारचीच राहिली. ही जमीन नावावर व्हावी म्हणून दीर्घ लढे झाले. 2006 च्या वनहक्क कायद्याने दाव्यांना कायदेशीर वाट मिळाली. दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर किंवा कोळसा पाडायला बाहेरगावी जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. मुलांची शाळा त्यात तुटते.

मुंबई–गोवा महामार्ग पेण, नागोठणे, कोलाडवरून जातो; पेण–खोपोली रस्ता घाटमाथ्याशी जोडतो. रेल्वे रोह्यापर्यंत 1986 मध्ये आली. पुढचा कोकण रेल्वेमार्ग 1998 मध्ये पूर्ण झाला. उंचावरच्या काही वाड्यांना अजूनही पायवाटच आहे. आजाऱ्याला झोळीतून खाली आणावे लागते.