वीज नव्हती तेव्हा मासे कोण पाळत होतं?

आजचा भाग माझ्या मामांमुळे सुचला, म्हणून सुरुवात त्यांच्यापासूनच करतो.

गेल्या महिन्यात देवळाली कॅम्पातून भगूरला मामांकडे गेलो होतो. चहा यायच्या आधीच त्यांनी मोबाइल पुढे केला. बायोफ्लॉकचा व्हिडिओ होता. ताडपत्रीच्या गोल टाक्या आणि त्यात गच्च मासे. "सहा टाक्या टाकतो. मामीचे दागिने गहाण ठेवू. तू इंजिनिअर ना, हिशेब करून दे."

मी पडलो सॉफ्टवेअरवाला. एक्सेल उघडलं. टाक्या, बीज, खाद्य सगळं बसत गेलं आणि विजेच्या ओळीवर अडलो. बायोफ्लॉकमध्ये थोड्या पाण्यात खूप मासे असतात. त्यांची घाण जिवाणू खातात आणि त्या जिवाणूंचे पुंजके मासे खातात. कल्पना चांगली आहे, पण मासे आणि जिवाणू दोघांनाही सतत हवा लागते. ब्लोअर तास-दोन तास बंद पडला तरी टाकी मेली म्हणून समजा. आणि आपल्याकडची शेतीची वीज तुम्हाला माहीतच आहे.

मग डोक्यात आलं, वीज नव्हती तेव्हा लोक मासे कसे पाळायचे?

पहिला धागा थेट बाराव्या शतकात सापडतो. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा, त्याचा संस्कृत ग्रंथ 'मानसोल्लास'. त्यात 'मत्स्यविनोद' नावाचा भाग आहे. राजाचा छंद गळ टाकण्याचा, पण त्यासाठी माशांच्या जाती आणि कुठल्या माशाला काय खायला घालावं, याची माहिती दिलीय. म्हणजे नऊशे वर्षांपूर्वीही 'मासा काय खातो?' हा प्रश्न कुणीतरी नीट विचारला होता.

दुसरा धागा आपल्याच राज्यातला, भंडारा-गोंदियाचा. गोंड राजांच्या काळात तिथे कोहळी समाजाने गावोगाव तलाव बांधले. उतार बघून एकाखाली एक, वरच्याचा ओव्हरफ्लो खालच्यात. पाणी धानासाठी, आणि त्याच पाण्यात ढिवर समाजाची मासेमारी. बाहेरून खाद्य नाही, बीज नाही. पावसाळ्यात स्थानिक मासे पाणवनस्पतींत अंडी घालायचे, तलाव आपोआप भरायचा. हेच मालगुजारी तलाव. 1950 च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव सरकारकडे गेले. तलाव तिथेच राहिले, पण त्यांची रोजची देखभाल करणारं कुणी उरलं नाही.

तिसरा धागा 1957 चा. रोहू, कटला, मृगळ हे मासे भराभर वाढतात, पण त्यांची एक अडचण आहे. ते वाहत्या नदीत, पावसाळ्यात अंडी घालतात. साठलेल्या तळ्यात नाही. त्यामुळे बीज नदीतून गोळा करावं लागायचं, आणि त्यात नको असलेल्या जातीही मिसळून यायच्या. 10 जुलै 1957 ला ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी आणि डॉ. के. एच. अलिकुन्ही यांनी दुसऱ्या माशांच्या पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून कार्प जातीच्या माशांना तळ्यात अंडी घालायला लावली. आज मत्स्यबीज केंद्रातून मत्स्यजिरं नाहीतर बोटुकली विकत मिळतात, त्यामागे हे काम आहे. 10 जुलै आता राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन असतो.

पण इथे गोष्ट संपत नाही. बीज सोपं झालं तसं ते भंडाऱ्याच्या तलावांतही गेलं. रोहू-कटला वाढले, पण साठलेल्या पाण्यात ते अंडी घालत नाहीत, म्हणजे दरवर्षी बीज विकत घ्या. दुसरीकडे बेशरमची झुडपं माजली, पाणवनस्पती गेल्या आणि स्थानिक मासे घटले. अलीकडे तिथल्या ढिवर कुटुंबांनी, बायकांनीसुद्धा, भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाबरोबर काही तलावांत उलटं काम केलं. बेशरम उपटली, उन्हाळ्यात तळ नांगरला, स्थानिक पाणवनस्पती लावल्या. अशा तलावांत स्थानिक मासे परत आले. यंत्र एकही नाही.

या तिन्ही गोष्टींतून मला एकच कळलं. मासे स्वस्तात वाढले ते पाण्याने स्वतःच खाद्य तयार केलं म्हणून. ते काम आपण टाकीत आणि ब्लोअरवर ढकललं, की दर महिन्याला त्याचं बिल येतं.

मामांकडे शेततळं आहेच. तीस बाय तीस मीटर, कागद टाकलेलं. मी त्यांच्यासमोर दुसरा हिशेब मांडला. हेक्टरी पाच हजार धरली तर साधारण साडेचारशे बोटुकली. दहात चार कटला, तीन रोहू, तीन मृगळ. कटला वरचं खातो, रोहू मधलं, मृगळ तळाचं, म्हणून भांडण कमी. कागदामुळे मातीचा कस पाण्यात उतरत नाही, तेव्हा शेण गोणीत बांधून काठाला सोडायचं. हात कोपरापर्यंत बुडवल्यावर तळवा दिसेनासा झाला, की पाणी पुरेसं हिरवं. वरून घोटीच्या राइस मिलचा कोंडा आणि शेंगदाणा पेंड. मासे पहाटे वर येऊन तोंड उघडायला लागले, तर शेण बंद आणि ताजं पाणी सुरू. फवारणीचा पंप तळ्यात धुवायचा नाही, आणि विक्री होईपर्यंत दीड मीटर पाणी राखायचं.

मामा म्हणाले, "यात बंगला नाही व्हायचा."

म्हटलं, "नाही व्हायचा. पण बुडालं तर बोटुकली आणि कोंडा बुडेल, मामीच्या पाटल्या नाही."

मामी आतून म्हणाली, "जेवूनच जा रे."

जुलैत बीज सोडतोय. पहिल्या जाळ्यात काय लागलं, ते याच पॉडकास्टवर सांगेन, अगदी काहीच लागलं नाही तरी. तुमच्या गावात जुना तलाव असेल, तर त्यात पूर्वी कुठले मासे मिळायचे ते घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा आणि आम्हाला कळवा. भेटूया पुढच्या भागात.