बिदागी आणि बिऱ्हाड

पेशवाईतील कवी, शास्त्री आणि शाहीर यांच्या गौरवाची नोंद जुन्या दफ्तरांतून विपुल सापडते. कोणास शेला-पागोटे मिळाले, कोणास वर्षासन बांधून दिले, आणि श्रावणमासी पुण्यात दक्षिणेसाठी ब्राह्मणांची केवढी दाटी झाली, हे सारे त्यांतून कळते. परंतु शेला मिळतो तो रचना तयार झाल्यावर, आणि दक्षिणा मिळते ती विद्या कंठस्थ झाल्यावर. रचना अर्धवट असते, चार चरण जमतात आणि पाचवा जमत नाही, तेव्हा त्या कवीला दोन वेळचे अन्न कोण घालीत होते, आणि त्याचे ते अपुरे चरण ऐकायला कोण बसत होते, हा प्रश्न मला त्या साऱ्या बिदाग्यांहून मोलाचा वाटतो. सोलापूरच्या राम जोशांच्या चरित्रात त्याचे उत्तर जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच कोठे दिसत असेल.

सुमारे 1762 ते 1812 हा राम जोशांचा काळ. वडील बंधू मुद्गल जोशी हे व्युत्पन्न पुराणिक, घराणे वेदविद्येचे, आणि धाकट्याचा जीव मात्र डफ-तुणतुण्यात अडकलेला. तमाशाच्या फडात जाऊन बसणे, त्यांना लावण्या रचून देणे, हे घरच्या प्रतिष्ठेस मानवले नाही, आणि बंधूंनी त्यांस घराबाहेर काढले. ज्याला घराचे दार बंद होते त्याच्या कलेचे पुढे काय व्हायचे, ते त्याला दुसरे कोणते दार उघडते यावर ठरते. राम जोशांना फडाचे दार आधीच उघडे होते. फडात पंक्ती एक आणि मुक्काम एक. सायंकाळी जुळवलेली चाल रात्री ढोलकीवर पारखली जाते, आणि सुरत्याला ओढता न आलेला शब्द कवीला दुसऱ्या दिवशी बदलावा लागतो. मराठी, कानडी, हिंदुस्थानी आणि संस्कृत या भाषा एकाच लावणीत गुंफण्याचे त्यांचे कसब पुष्कळांना नुसते पांडित्य वाटते. मला त्यात सोलापूरच्या पेठा आणि फडातली ती संमिश्र बैठक ऐकू येते.

पुढे ते पंढरपुरास बाबा पाध्ये यांच्याकडे संस्कृताच्या अध्ययनास राहिले. हे बाबा पाध्ये म्हणजे 1790 च्या सुमारास ‘धर्मसिंधु’ हा निबंधग्रंथ सिद्ध करणारे काशीनाथ उपाध्याय. तमाशाच्या नादी लागल्यामुळे घरातून घालवलेला तरुण धर्मशास्त्राच्या एवढ्या थोर अधिकाऱ्यापाशी अध्ययन करतो, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. पंढरपूर हे तर मुक्कामी विद्येचेच क्षेत्र. आषाढी एकादशीस वारीबरोबर आलेला कीर्तनकार चातुर्मासासाठी मठात राहतो तो कार्तिकीपर्यंत. पहाटे काकडा, दुपारी प्रवचन, रात्री कीर्तन. आणि पाठीमागे टाळ घेऊन उभा राहणारा पोरगा त्या चार महिन्यांत अभंगाची चाल, पखवाजाचा ठेका आणि निरूपणाची मांडणी कोणी मुद्दाम न शिकवता उचलतो.

तिसरे दार बारामतीचे. तेथे कवी मोरोपंत (1729–1794) बाबूजी नाइकांच्या पदरी पुराणिक होते, आणि या एका आश्रयावर त्यांनी सुमारे चार दशके काढली. पुराण सांगावे, नाइकांच्या घरच्या मंडळींस पढवावे, आणि उरलेला वेळ आर्येला द्यावा, असा तो करार असावा, जरी त्याचा कागद कोणी केला नसला तरी. आर्याभारत, केकावली, आणि नाना युक्तींनी रचलेली ती रामायणे, एवढा प्रचंड ग्रंथसंभार दरमहा पोटाची चिंता असलेल्या माणसाकडून होत नाही. आणि नाइकांनी ‘यंदा किती आर्या झाल्या?’ असा हिशेब दर साली मागितला असता तरीही तो झाला नसता, असे मला निश्चित वाटते. बाबा पाध्ये मोरोपंतांचे व्याही. तेव्हा पंढरपूर आणि बारामती ही दोन बिऱ्हाडे सोयरिकीनेही जोडलेली होती. राम जोशी लावणीकडून कीर्तनाकडे वळले ते पंतांच्या सांगण्यावरून, अशी आख्यायिका आहे. पंतांच्या आर्या कीर्तनातून गात ते गावोगाव हिंडले, हे मात्र सर्वमान्य आहे. पंडिताच्या घरची रचना घरोघर पोचली ती तमाशात तापलेल्या गळ्यातून.

कलावंताला असे बिऱ्हाड देण्याचा प्रघात केवळ आपलाच नव्हे. फ्रान्सच्या राजाने 1666 मध्ये रोम येथे अकादमी स्थापून आपल्या तरुण चित्रकारांस व मूर्तिकारांस तेथे ठेवून घेतले. भेद एवढाच की तेथे संस्था उभी राहिली, आणि येथे सारे एका माणसाच्या आयुष्यावर टेकले. सांगलीत चिंतामणराव पटवर्धनांच्या आज्ञेने विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये ‘सीता स्वयंवर’ हे नाटक उभे केले. 1851 मध्ये चिंतामणराव निवर्तले आणि भाव्यांना मंडळी घेऊन पोटासाठी गावे पालथी घालावी लागली. कोल्हापुरास 1895 पासून शाहू महाराजांच्या पदरी असलेले गवई अल्लादियाखाँसाहेबही महाराजांच्या निधनानंतर मुंबईस गेले.

आणि ही दारे सर्वांना उघडी नव्हती, हे सांगितल्यावाचून हा इतिहास पुरा होत नाही. राम जोशी ब्राह्मण होते म्हणून फडातून निघून पाध्यांच्या ओसरीवर बसू शकले. ज्यांच्या ढोलकीवर त्यांची लावणी उभी राहिली, त्या महार-मांग-कोल्हाटी कलावंतांस ती ओसरी नव्हती. पंढरपुरात चोखामेळ्याच्या नावाची धर्मशाळा अस्पृश्य वारकऱ्यांसाठी बांधावी लागली ती गाडगे महाराजांना, आणि विठ्ठलाचे दार उघडले ते साने गुरुजींच्या उपोषणानंतर, 1947 मध्ये.

आज सोलापूर जिल्ह्यात कलावंत एकत्र राहून कला जोपासतात असे ठिकाण पाहायचे तर मोडनिंबास जावे. तेथील कलाकेंद्रांत संगीतबारीच्या पार्ट्या राहतात. प्रत्येक पार्टीची खोली वेगळी, पेटी-तबला-ढोलकी वेगळी. थोरली बाई धाकटीला बैठकीच्या लावणीतली अदा बसल्या जागी, केवळ डोळ्यांनी आणि बोटांनी, दाखवते. पेटीवाला तीच ओळ पुन्हा पुन्हा धरतो. मुलीचा हात चुकला की बाई बोलत नाही, आपला हात पुन्हा फिरवून दाखवते. या शिक्षणास कोणाची सनद नाही, वर्षासन नाही. उलट रात्रीच्या बैठकीत जे मिळेल त्यातूनच केंद्राच्या मालकाचा वाटा द्यायचा असतो, आणि उरेल त्यात सारी पार्टी चालवायची असते.