'पंच' ते कॉकटेल : मुंबईतील घरगुती मिश्रपेये, दारूबंदी आणि अँटॉप हिल

प्रस्तावना

उन्हाळ्यात घरी आलेल्या पाहुण्याला थंड पेय देणे हा महाराष्ट्रातील आतिथ्याचा जुना रिवाज आहे. कैरीचे पन्हे, कोकम सरबत, ताक आणि नीरा ही त्याची परिचित रूपे होत. अलीकडच्या काळात महानगरातील काही घरांमध्ये या पेयांच्या जोडीला फ्रेंच धर्तीची कॉकटेले येऊन बसली आहेत. लिंबाचा रस, साखरेचा पाक, जिन आणि फेसाळ वाइन यांचे मिश्रण घरीच करून पाहुण्यांसमोर ठेवणे हे सुखवस्तू, आधुनिक राहणीचे लक्षण मानले जाते. ही सारी पद्धत परदेशातून आयात झाली, असा सर्वसाधारण समज आहे.

हा समज इतिहासाच्या कसोटीवर अर्धाच खरा ठरतो. अशा पेयांची मूळ घडण सतराव्या शतकात हिंदुस्थानच्या भूमीवर, येथीलच पदार्थांतून झाली. तथापि त्या पेयाला प्रतिष्ठा मिळावी की गुन्ह्याचा कलंक लागावा, हे त्यातील घटकांवर ठरले नाही. ते कोणाच्या घरात तयार होते यावर ठरले. प्रस्तुत लेखात या दोन बाबींचा परामर्श घेतला असून, त्यासाठी मुंबई बेटाच्या ईशान्य कडेच्या अँटॉप हिल या वस्तीचे उदाहरण विशेषत्वाने विचारात घेतले आहे.

पाच घटकांचे पेय

'पंच' या पेयाच्या जुन्या नोंदींमध्ये फ्रेंच प्रवाशांच्या नोंदी महत्त्वाच्या आहेत. ला बूले ल गूझ या प्रवाशाचे प्रवासवृत्त १६५३ मध्ये प्रसिद्ध झाले. हिंदुस्थानातील इंग्रज लोक साखर, लिंबाचा रस, मद्यार्क, जायपत्री आणि भाजलेले बिस्किट यांपासून एक पेय बनवतात, अशी माहिती त्याने दिली असून त्या पेयाला 'बोलपोंज' असे म्हटले आहे. 'पंचचे भांडे' या अर्थाच्या इंग्रजी शब्दसमूहाचे हे फ्रेंच कानाला ऐकू आलेले रूप होय. मोगल दरबाराशी संबंध आलेला फ्रेंच वैद्य फ्रान्स्वा बर्निए यानेही बंगालमधील युरोपियनांच्या संदर्भात याच पेयाची नोंद केली. काळ्या गुळापासून गाळलेली दारू, लिंबाचा रस, पाणी आणि जायफळ हे त्याने सांगितलेले घटक. वैद्य असल्याने त्याने हे पेय प्रकृतीस अपायकारक असल्याचा इशाराही दिला आहे.

पश्चिम किनाऱ्यावरील पुरावा जॉन फ्रायर या इंग्रज वैद्याचा आहे. तो १६७० च्या दशकात मुंबई, सुरत आणि गोवा या भागांत वावरला. गोव्यातील नेरूळ येथे उत्तम प्रतीची दारू तयार होते आणि किनाऱ्यावरील इंग्रज तिच्यापासून पंच बनवतात, असे सांगून, पाच घटकांमुळे हे नाव पडल्याचा खुलासा तो करतो. 'पंच' शब्दाच्या या व्युत्पत्तीविषयी अभ्यासकांत एकमत नाही. परंतु घटकांविषयी शंकेला फारशी जागा उरत नाही. मद्यार्क, आंबट रस, गोडवा, मसाला आणि पाणी या पाचही गोष्टी किनाऱ्यावरच्या बाजारात सहज मिळत होत्या. त्यांपैकी मद्यार्कामागे माडावर चढणाऱ्या, फुलोऱ्याचा कोंब छेदून रस उतरवणाऱ्या आणि तो आंबवून गाळणाऱ्या लोकांचे कौशल्य होते. मुंबईत हा व्यवसाय प्रामुख्याने भंडारी समाजाकडे होता. माहीम, दादर, वरळी या भागांतील नारळीच्या वाड्या हा त्यांच्या उपजीविकेचा आधार होता.

फ्रेंच कॉकटेलांची घडण

या पार्श्वभूमीवर आजच्या फ्रेंच धर्तीच्या दोन प्रसिद्ध कॉकटेलांकडे पाहणे उद्बोधक ठरते. पहिले 'फ्रेंच ७५'. पहिल्या महायुद्धातील फ्रेंच सैन्याच्या ७५ मिलिमीटर तोफेवरून त्याला हे नाव मिळाले. आज प्रमाण मानल्या जाणाऱ्या कृतीत ३० मिलिलिटर जिन, १५ मिलिलिटर लिंबाचा रस, १५ मिलिलिटर साखरेचा पाक आणि ६० मिलिलिटर शँपेन घेतात. पहिले तीन घटक बर्फासह हलवून गाळायचे आणि शँपेन शेवटी ओतायची, म्हणजे तिचा फेस टिकतो. मद्यार्क, आंबट, गोड आणि सौम्य करणारा द्रव हे पंचचे चार घटक येथे जसेच्या तसे आहेत. पाचवा जो मसाला, त्याची जागा जिनमधील जुनिपर आदी सुगंधी द्रव्यांनी घेतली आहे. पाण्याच्या जागी फेसाळ वाइन आली, एवढाच काय तो मुख्य फरक.

दुसरे 'कीर'. दिझाँ शहराचे १९४५ ते १९६८ या काळातील महापौर फेलिक्स कीर यांच्यावरून ते ओळखले जाते. पांढऱ्या वाइनचे नऊ भाग आणि काळ्या मनुकेसारख्या 'कासिस' फळाच्या गोड मद्याचा एक भाग, इतकी त्याची कृती साधी आहे. आपल्या प्रदेशातील फळ आणि आपल्याच प्रदेशातील वाइन पाहुण्याला अभिमानाने देणे, हे त्यामागील सूत्र. कीर यांनी नगरपालिकेच्या स्वागतसमारंभांतून ते पेय प्रतिष्ठेला नेले. स्थानिक पेयाला सार्वजनिक सन्मान देणारी ही वृत्ती मुंबईच्या इतिहासात नेमकी उलट्या रूपात दिसते.

बर्फ, बंगला आणि आबकारी

एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या श्रीमंत घरांतील उन्हाळी मेजवानीचे स्वरूप बर्फाने बदलले. अमेरिकेतील बोस्टन येथून जहाजाने येणारा नैसर्गिक बर्फ १८३४ मध्ये मुंबईत पोहोचला. जमशेटजी जीजीभाई यांनी आपल्या मेजवानीत पाहुण्यांना आइस्क्रीम दिले आणि त्यामुळे यजमान व पाहुणे यांना सर्दी झाल्याची टीका 'मुंबई समाचार'ने केली, ही हकिगत प्रसिद्ध आहे. थंड पेय ही येथून पुढे ऐपतीची खूण बनली.

याच शतकाच्या उत्तरार्धात स्थानिक मद्यनिर्मितीवर सरकारी नियंत्रण घट्ट होत गेले. १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्याने रस काढणे, गाळणे आणि विकणे या प्रत्येक टप्प्यावर परवाना व कर यांची पकड बसवली. घरोघरी किंवा वाडीत गाळण्याऐवजी परवानाधारक मोठ्या भट्ट्यांना उत्तेजन मिळाले. उरण हे मोहाच्या दारूचे मोठे केंद्र बनले. १८९२ च्या मोह कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्या-विकण्यावरही निर्बंध आले. परिणामी बंगल्यातील यजमानाच्या मेजावर आयात मद्य प्रतिष्ठेने मांडले जात असताना, ज्यांच्या पूर्वजांच्या कौशल्यातून पंच तयार होत होता त्यांनी आपल्याच झाडाचा रस परवान्याविना काढणे हा अपराध ठरला. 'देशी' आणि 'विदेशी' ही मद्याची कायदेशीर वर्गवारी पुढेही टिकली. ती वरकरणी पदार्थाची असली तरी व्यवहारात पिणाऱ्यांची वर्गवारी ठरली.

दारूबंदी आणि घराचा उंबरठा

दारूबंदीच्या मागणीमागे मात्र केवळ नैतिक आग्रह नव्हता, हे लक्षात घेणे न्याय्य ठरेल. गिरणगावातील कामगाराचा पगार गुत्त्यात संपतो आणि घरातील स्त्रिया-मुले उपाशी राहतात, हा अनुभव त्यामागे होता. वसाहती सरकार आबकारीच्या महसुलावर पोसले जाते, हा राजकीय आक्षेपही होता. बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळात डॉ. गिल्डर यांच्या पुढाकाराने १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबई शहरात दारूबंदी लागू झाली; परंतु त्याच वर्षी मंत्रिमंडळाने राजीनामा दिल्याने ती टिकली नाही. स्वातंत्र्यानंतर मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ संमत झाला आणि एप्रिल १९५० पासून राज्यात संपूर्ण दारूबंदी आली. तिच्या अंमलबजावणीशी मोरारजी देसाई यांचे नाव कायमचे जोडले गेले.

या कायद्याने घरातील कपाटालाही आपल्या कक्षेत घेतले. त्याला फ्रॅम नसरवानजी बलसारा यांनी आव्हान दिले. व्हिस्की, ब्रँडी, वाइन, बिअर यांबरोबरच औषधी वाइन आणि 'ओ द कोलोन' बाळगण्याचा व वापरण्याचा हक्क त्यांनी मागितला होता. २५ मे १९५१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कायद्याचा मुख्य भाग वैध ठरवला. मात्र मद्यार्कयुक्त औषधे आणि प्रसाधने यांवरील निर्बंध अवैध ठरवले. फ्रेंच नावाची ही अत्तरे अशा रीतीने भारतीय संवैधानिक इतिहासात दाखल झाली. दुसरे फ्रेंच नाव याहून दारुण आहे. लाकडी सामानाला लावण्याचे फ्रेंच पॉलिश विकृत मद्यार्कापासून बनते. दारूबंदीच्या काळात त्याचा पेय म्हणून उपयोग होऊ लागला आणि कायद्यात फ्रेंच पॉलिश व व्हार्निश यांचा नावानिशी समावेश करावा लागला. एकाच शहरात 'फ्रेंच' या विशेषणाचे दोन टोकांचे अर्थ नांदत होते.

कायद्यात परवान्यांची सोय होती. प्रकृतीच्या कारणासाठी, परदेशी नागरिकांसाठी, पर्यटकांसाठी परवाने मिळत. डॉक्टरांचे प्रमाणपत्र, अर्ज आणि शुल्क यांची जुळवाजुळव करू शकणाऱ्यांसाठी घरातील पेला कायदेशीर राहिला. ज्यांना ते शक्य नव्हते, त्यांच्यासाठी दुसऱ्याच प्रकारचे घर उघडले. मुंबईच्या बोलीत त्याला 'आंटीचा अड्डा' म्हणत. राहत्या खोलीत दोन बाकडी, उकडलेली अंडी, चणे आणि नवटाक-पावशेराच्या मापाने मिळणारी दारू, असे त्याचे स्वरूप असे. अशा अनेक अड्ड्यांमागे एकट्या बाईच्या संसाराची निकड होती. पाहुणचार आणि व्यापार यांतील रेषा येथे पुसली गेली.

अँटॉप हिल : शहराची मागची बाजू

या अड्ड्यांना लागणारा माल जेथे तयार होत असे, अशा ठिकाणांत अँटॉप हिलचे नाव घेतले जाते. अंतोबा नावाच्या जमीनमालकावरून टेकडीला हे नाव पडले, असा प्रवाद आहे. वडाळ्याची मिठागरे, खाजण आणि तिवरांची झाडी यांनी हा परिसर वेढलेला होता. शेजारी सायन-कोळीवाडा आणि थोड्या अंतरावर धारावी. पाणथळ, निर्जन आणि तरीही गिरणगावाजवळचा असा हा भूभाग हातभट्टीला सोयीचा होता. गूळ आणि नवसागर यांचे रसायन कुजवून गाळलेली दारू रबरी ट्यूबांतून शहरात पोहोचे. या व्यापारातून वरदराजन मुदलियार याची सत्ता उभी राहिली. मूळचा तुतुकुडीचा हा स्थलांतरित हमालीपासून सुरुवात करून माटुंगा, धारावी, सायन, अँटॉप हिल या पट्ट्यातील बेकायदा दारूचा सूत्रधार बनला. १९८० च्या दशकात पोलिसांच्या कारवाईमुळे त्याला मुंबई सोडावी लागली आणि १९८८ मध्ये मद्रासला त्याचा मृत्यू झाला. मणिरत्नम यांचा 'नायकन' (१९८७) हा चित्रपट त्याच्या जीवनावरून प्रेरित मानला जातो.

अँटॉप हिलचा इतिहास केवळ गुन्हेगारीचा नाही. येथे केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची मोठी वसाहत उभी राहिली आणि निरनिराळ्या प्रांतांतून आलेल्या श्रमिकांनी संसार थाटले. गेल्या काही वर्षांत वडाळ्याच्या बाजूला उंच इमारती आल्या. ज्या परिसरात एकेकाळी गाळलेल्या दारूसाठी धाडी पडत, त्याच परिसरात आता रीतसर विकत घेतलेल्या मद्याची कॉकटेले दिवाणखान्यात बनू शकतात. बदलले ते जागेचे मोल; कायद्याचे मूळ नाव मात्र 'दारूबंदी' हेच राहिले. मुंबईऐवजी महाराष्ट्राचे नाव लागलेल्या या अधिनियमाखाली आजही पिण्यासाठी परवाना लागतो आणि कडक मद्यासाठी किमान वय २५ वर्षे आहे.

नारायणगाव ते दिंडोरी

१९६० च्या दशकापासून निर्बंध सैल होत गेले. १९७३ च्या नियमांनी देशी दारू परवानाधारक विक्रीत आणली. त्यानंतर फ्रेंच प्रभाव महाराष्ट्राच्या शेतीत उतरला. १९८० च्या दशकात श्यामराव चौगुले यांनी नारायणगाव येथे फ्रेंच तंत्रसाह्याने फेसाळ वाइन तयार केली. परदेशात ती 'ओमर खय्याम' या नावाने विकली गेली. पुढे नाशिक परिसरात वाइन उद्योग विस्तारला, २००१ मध्ये राज्याने द्राक्षप्रक्रिया धोरण जाहीर केले आणि २०१३ मध्ये शाँदाँ या फ्रेंच नाममुद्रेची दिंडोरीत बनलेली फेसाळ वाइन बाजारात आली. 'फ्रेंच ७५' आज संपूर्णपणे भारतीय द्रव्यांतून बनू शकते. शँपेन हे नाव मात्र फ्रान्समधील त्या प्रदेशाच्या वाइनपुरतेच राखीव आहे. आपल्याकडे गोव्याच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. मुंबईच्या माडीच्या वाट्याला असा सन्मान आला नाही.

समारोप

वरील विवेचनातून दिसते की, पंच, हातभट्टी आणि कॉकटेल ही तीन वेगळी जगे नसून एकाच इतिहासाच्या तीन अवस्था आहेत. त्यांतील भेद चवीपेक्षा अधिकाराचा आहे. या भेदाची किंमत प्राणांनी मोजली गेली. डिसेंबर २००४ मधील विक्रोळीची आणि जून २०१५ मधील मालवणीची विषारी दारूची दुर्घटना त्याची साक्ष देतात. मालवणीत शंभराहून अधिक माणसे मरण पावली. गूळ आंबवल्याने असे मृत्यू होत नाहीत. औद्योगिक मिथेनॉलच्या भेसळीने होतात. शरीरात मिथेनॉलचे फॉर्मिक आम्ल बनते, ते दृष्टी नष्ट करते आणि जीव घेते. दिवाणखान्यातील यजमानाला बाटलीवरील शिक्क्यामुळे आपण काय ओततो आहोत हे ठाऊक असते. अड्ड्यावरच्या गिऱ्हाइकाला ते कधीच ठाऊक नसते.

दारूबंदी असावी की नसावी, हा स्वतंत्र वादाचा विषय आहे. व्यसनाने उद्ध्वस्त झालेल्या कुटुंबांचा आवाज त्यात अग्रक्रमाने ऐकला गेला पाहिजे. परंतु एकाच मूळ द्रव्याला एका घरात रसिकता आणि दुसऱ्या घरात गुन्हा म्हणण्याची जी सवय आबकारीच्या काळापासून लागली, तिची चिकित्सा इतिहासाने केलीच पाहिजे. उन्हाळी संध्याकाळी पाहुण्यांसमोर येणाऱ्या फेसाळ पेल्यात माडावर चढणाऱ्या भंडाऱ्याचा, बाकडे मांडणाऱ्या आंटीचा आणि अँटॉप हिलच्या खाजणाचाही वाटा आहे.